समुपदेशकांच्या जागा आणि आपली मुले

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य’ या प्रकरणात एक निकाल दिला. विशाखापट्टणम येथे नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा जुलै २०२३ मध्ये मृत्यू झाला होता. तिच्या पित्याने तपास सीबीआयकडे द्यावा म्हणून न्यायालयाचे दार ठोठावले. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांनी ती मागणी तर मान्य केलीच. पण तेवढ्यावर न थांबता मानसिक आरोग्य हा घटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे असे सांगून देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदेमंडळ स्वतंत्र कायदा करीपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत. त्यातील एक सूचना अशी की, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमला पाहिजे आणि त्याला बालक व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण असले पाहिजे.

वाचकहो, या एका वाक्याचा अर्थ नीट समजून घ्या. मुक्ताईनगर तालुक्यात अंतुर्ली, कुऱ्हा, उचंदे, हरताळे अशा गावांतील किती शाळांचा पट शंभराच्या वर आहे, ते मोजा. मग जळगाव आणि धुळे जिल्हा धरा, मग सारा महाराष्ट्र धरा. हजारो जागांचा हा प्रश्न आहे. या जागा निघतील की नाही, निघाल्या तर कायम निघतील की कंत्राटी, त्यांना आरक्षण लागेल की नाही आणि त्या खुर्चीत बसणारा माणूस आपल्या लेकराचे दुःख ओळखणारा असेल की नाही, हे चार प्रश्न आज आपल्यापुढे आहेत. याच प्रश्नांत आणखी एक प्रश्न गुंतलेला आहे. समुपदेशकाला शिक्षक होता येते काय?

हा प्रश्न मला आमच्या तालुक्यातील एका मुलीने विचारला. आईवडील केळीच्या बागेत मजुरी करणारे. मुलीने एमएसडब्ल्यू केले, समुपदेशकाचे काम मिळवले. काम कंत्राटी, अकरा-अकरा महिन्यांचे. ती म्हणाली, “भाऊ, आठ वर्षे मी लोकांचं ऐकते आहे. बायकांचं, पोरींचं, दारूत बुडालेल्या माणसांचं. आता मला कॉलेजात शिकवायचं आहे. माझा हा अनुभव कुठे धरतील का?” कायद्याचा माणूस म्हणून मी नियम काढून बसलो. जे हाती लागले ते तिच्यापुरते ठेवण्यासारखे नाही. समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकलेली आपली मुले-मुली गावोगाव आहेत. जळगाव, अमळनेर, चोपडा येथील समाजकार्य महाविद्यालयांतून दरवर्षी अशी मुले बाहेर पडतात. त्यांना ही माहिती कोणी सांगत नाही, म्हणून येथे मांडतो.

पहिली वाट शाळेची. पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आवश्यक आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने हे ठरवले. बी.एड. झालेला उमेदवार पहिली ते पाचवीसाठी पात्र नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी स्पष्ट केले. त्या वर्गांना डी.एल.एड. लागते. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने तर आधीपासून सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनाही टीईटीतून सूट राहिली नाही. अकरावी-बारावीला मानसशास्त्र हा विषय आहे. तो शिकवायचा तर मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. हवे. येथे एमएसडब्ल्यू झालेला उमेदवार अडकतो, कारण समाजकार्य हा शाळेत शिकवला जाणारा विषय नाही. बी.एड. आता दोन वर्षांचे आहे. संसार आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईने दोन वर्षे कोणाच्या जिवावर काढायची, हे नियमात लिहिलेले नसते.

दुसरी वाट महाविद्यालयाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला संबंधित विषयात ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी लागते. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर इतर मागासवर्ग आणि अपंग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. त्यासोबत नेट किंवा सेट. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या सरळ भरतीसाठी पीएच.डी. ही सक्तीची अट राहिलेली नाही. नेट, सेट हीच किमान पात्रता आहे. नेटमध्ये मानसशास्त्र आहे, तसेच समाजकार्यही आहे. म्हणजे त्या मुलीला बी.एड.च्या मागे धावण्याची गरजच नाही. तिची खरी वाट समाजकार्यातील नेट किंवा सेट ही आहे. या परीक्षेसाठी नोकरी सोडावी लागत नाही. जेआरएफ मिळाली तर संशोधनाचा खर्च निघतो. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठीही प्रयत्न करता येतो.

तिसरी वाट चिकित्सा मानसशास्त्राची. भारतीय पुनर्वसन परिषदेच्या १९९२ च्या कायद्याखाली नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून व्यवसाय करता येत नाही. त्यासाठी आजवर परिषदेने मान्य केलेले एम.फिल. हा मुख्य रस्ता होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. गुंडाळले. चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोरुग्ण समाजकार्य या दोन एम.फिल.ना आयोगाने फक्त २०२५-२६ पर्यंत मुभा दिली. ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी प्रवेश घेण्याआधी त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. खासगी संस्थांच्या रंगीत जाहिरातींवर विसंबून आईचे मंगळसूत्र गहाण टाकू नये.

आता तिच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. आठ वर्षांचा अनुभव कुठे धरतात? सहायक प्राध्यापकाच्या निवडीसाठी उमेदवारांची छाननी करताना आयोगाच्या तक्त्यात पदवीचे गुण आहेत, नेटचे आहेत, शोधनिबंधांचे आहेत, अध्यापनाच्या अनुभवाचे प्रत्येक वर्षाला दोन गुण आहेत. समुपदेशनाच्या अनुभवाला गुण नाहीत. म्हणजे तासिका तत्त्वावर एक वर्ष शिकवले तर ते मोजले जाऊ शकते; पण मरायला निघालेल्या माणसाला आठ वर्षे परत आणण्याचे काम केले, तर ते शून्य! याच आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ नावाची सोय केली. उद्योग, प्रशासन, माध्यमे अशा क्षेत्रांत पंधरा वर्षांचा आणि तोही वरिष्ठ पदावरचा अनुभव असेल, तर नेट नको, पीएच.डी. नको, थेट प्राध्यापक व्हा. साहेबांच्या अनुभवाला विद्यापीठात मान आहे. शासनाच्या दवाखान्यात कोपऱ्यातल्या टेबलावर बसणाऱ्या समुपदेशिकेच्या अनुभवाला नाही. या भेदाला काय म्हणायचे?

अनुभवातून शिक्षक घडतो, याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, तिने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. शिकवणे आणि समुपदेशन एका संस्थेत सोबत चालले. पुढे १९८४ मध्ये याच संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्यात येणाऱ्या मारहाणग्रस्त बाईजवळ प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसली पाहिजे, ही कल्पना तेथून राज्यभर गेली. त्या कक्षात सुरुवातीच्या काळात काम केलेल्या अंजली दवे पुढे टाटा संस्थेतच प्राध्यापक झाल्या. त्यांच्या वर्गात बसणाऱ्याला पुस्तकासोबत पोलीस ठाण्याचे बाकडेही शिकायला मिळाले असेल. ही वाट मुंबईत चालते, मग खानदेशात का चालू नये?

बाबासाहेबांचे आयुष्य आठवा. १९१८ ते १९२० ते सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. वकिली सुरू केल्यानंतर १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला, पुढे शासकीय विधी महाविद्यालयात शिकवले, १९३५ मध्ये तेथेच प्राचार्य झाले. ३१ जुलै १९३७ रोजी ते वकील म्हणून धुळ्याला आले, तेव्हा ते प्राचार्यही होते. न्यायालयातला माणूस वर्गात गेला म्हणून वर्ग श्रीमंत झाला. पण सिडनहॅमच्या प्राध्यापकांच्या खोलीत त्यांनी पाण्याच्या माठाला हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती, हेही विसरू नका. पदव्यांचा डोंगर असलेल्या माणसाची ही गत, तर पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढणाऱ्या आपल्या मुलाला काय काय गिळावे लागत असेल?

म्हणूनच हा केवळ नोकरीचा विषय नाही. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. आमच्या जळगावची डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात गेली. तीन वरिष्ठ डॉक्टरांनी तिचा जातीवरून छळ केल्याचा कुटुंबाचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात गेले. रोहितची आई आणि पायलची आई, या दोन आयांनी २०१९ मध्ये एकत्र सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. आयआयटी दिल्लीतील अनुसूचित जातीच्या दोन विद्यार्थ्यांच्या मृत्यूप्रकरणी २४ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले आणि न्या. एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. प्रत्येक वेळी संस्थेकडून एकच ऐकू येते, ‘मुलगा मनाने कमजोर होता.’ मनाचा प्रश्न म्हटला की जातीचा प्रश्न पुसला जातो. आपल्या मुलाला समुपदेशनाची गरज नाही असे मी म्हणत नाही, गरज आहेच. पण ज्याला टोमणा जातीचा आहे हेच कळत नाही, तो समुपदेशक त्याला ‘सकारात्मक विचार कर’ एवढेच सांगेल. जुलै २०२५ च्या निकालातही अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग यांच्या विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता कसे वागावे याची जाण कर्मचाऱ्यांना दिली पाहिजे, असे सांगितले आहे. ही जाण शिकवणार कोण? ज्याने ती टेबलासमोर बसून ऐकली आहे, तोच.

साधे उदाहरण घ्या. ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा’ असे वर्गात मोठ्याने म्हणणारे शिक्षक आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्या मनात वाईट असते असे नाही. पण उभ्या राहणाऱ्या मुलाची मान खाली जाते, हे त्यांना दिसत नाही. ज्याने वर्षानुवर्षे लोकांची खाली गेलेली मान पाहिली आहे तो शिक्षक झाला, तर तो ते नाव हळूच टेबलाजवळ बोलावून विचारील. बी.एड.च्या पुस्तकात मार्गदर्शन व समुपदेशनाचे प्रकरण असते. पण ते परीक्षेपुरते पाठ करून हा गुण येत नाही.

येथे एक इशाराही दिला पाहिजे. शिक्षक आणि समुपदेशक ही दोन कामे एकाच माणसाच्या गळ्यात घालू नयेत. जो गुण देतो, हजेरी लावतो, पालकांना बोलावतो, त्याच्यापुढे मूल मन मोकळे करीत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तो अशा ठिकाणी टिकत नाही. समुपदेशक शिक्षक झाला की त्याने आपल्याच वर्गातील विद्यार्थ्याचे समुपदेशन करू नये, दुसऱ्याकडे पाठवावे. मात्र बालकावरील लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तो पोलिसांना कळवणे शिक्षक आणि समुपदेशक दोघांनाही बंधनकारक आहे. तेथे गुप्ततेची सबब चालत नाही. संस्थाचालकांना मात्र एका पगारात दोन माणसे हवी असतात. दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन चित्रकलेच्या किंवा खेळाच्या शिक्षकाला समुपदेशकाचा अतिरिक्त कार्यभार द्यायचा आणि कागदावर निकालाचे पालन दाखवायचे, ही युक्ती होऊ शकते. तिच्यावर डोळा ठेवा.

आता आरक्षणाचा मुद्दा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. महाराष्ट्राचा २००१ चा लोकसेवा आरक्षण अधिनियम २९ जानेवारी २००४ पासून लागू आहे. अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७ टक्के, सर्व मिळून ५२ टक्के आरक्षण त्यात आहे. पण त्याच्या कलम ३ मध्ये काही अपवाद आहेत. पंचेचाळीस दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुका वगळल्या आहेत आणि संवर्गातील एकाकी पदही वगळले आहे. चंदीगडच्या पीजीआय प्रकरणात १९९८ साली घटनापीठानेही एकाकी पदाला आरक्षण लागत नाही, असाच निर्णय दिला. आता विचार करा, प्रत्येक शाळेत समुपदेशक एकच. प्रत्येक संस्था म्हणेल, ‘आमच्याकडे हे एकच पद आहे, आरक्षण लागत नाही.’ हजारो जागा निघतील आणि आपल्या वाट्याला एकही येणार नाही. कायदा मोडावाही लागणार नाही!

यावर उपाय आहे. समुपदेशकांचा जिल्हा स्तरावर एकच संवर्ग करावा आणि बिंदुनामावली जिल्ह्याची धरावी. विद्यापीठांतील प्राध्यापक भरतीत विभागनिहाय रोस्टर आणून आपल्या जागा कापण्याचा डाव २०१८ मध्ये झाला, तेव्हा देशभर आंदोलने झाली आणि २०१९ मध्ये संसदेला संपूर्ण संस्था हे एकक मानणारा कायदा केंद्रीय शिक्षणसंस्थांसाठी करावा लागला. तेच तत्त्व येथे मागितले पाहिजे. दुसरे, ‘कंत्राटी आहे म्हणून आरक्षण नाही’ असे कोणी सांगितले तर त्याला पंचेचाळीस दिवसांचा अपवाद वाचून दाखवा. अकरा महिन्यांचा करार त्यात बसत नाही. तिसरे, बाह्यस्रोत एजन्सीमार्फत भरती म्हणजे आरक्षणाला मागच्या दाराने निरोप, हे ओळखून सुरुवातीलाच विरोध करा. एकदा माणसे भरली गेली की मग उच्च न्यायालयात वर्षे जातात. तो अनुभव आम्हा वकिलांपेक्षा कोणाला जास्त?

मग करायचे काय? जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे माहिती अधिकाराखाली विचारा की, जुलै २०२५ च्या निकालाप्रमाणे जिल्हास्तरीय देखरेख समिती स्थापन झाली काय आणि नागरी समाजाचे प्रतिनिधी म्हणून त्यावर कोण आहेत. शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या आपल्या पालकांनी पुढच्या बैठकीत समुपदेशकाचा विषय लेखी मांडावा. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या अधिसभेत आपले जे प्रतिनिधी जातात त्यांनी समुपदेशनाच्या अनुभवाला प्राध्यापक भरतीत गुण मिळावेत असा ठराव करून आयोगाकडे पाठवण्याचा आग्रह धरावा. समाजकार्य महाविद्यालयांनी तालुक्यात काम करणाऱ्या समुपदेशकांना क्षेत्रकार्याचे मार्गदर्शक म्हणून बोलवावे आणि त्याचे लेखी प्रमाणपत्र द्यावे. तेथूनच पुढे वर्गाचे दार उघडते. आणि आपल्या विहारांतून, जेथे मुले स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला बसतात, तेथे नेट-सेटच्या समाजकार्य व मानसशास्त्राच्या पुस्तकांसाठी एक फळी रिकामी करावी. एवढे तर आपल्या हातात आहे.

मुक्ताईनगर पूर्वी एदलाबाद होते. आज ते मुक्ताबाईच्या नावाने ओळखले जाते. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठेवावा. पण परंपरा सांगते की, लोकांच्या टोचून बोलण्याने खिन्न झालेला ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसला, तेव्हा धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून त्याची समजूत काढली. ताटीचे अभंग म्हणतात ते हेच. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेल्या घरातली ती गोष्ट आहे. आपल्या तालुक्यात आजही किती तरी मुले अशीच दार लावून बसलेली आहेत आणि दाराबाहेर कोणी नाही. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. खानदेशात एकही नाही. ज्याचा जीव घाबरा होतो आहे, त्याच्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे. तो प्रत्येक शाळेच्या आणि विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. आत्महत्येचा प्रयत्न करणारा गुन्हेगार नसून तीव्र तणावाखाली आहे असे २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ मानते, हेही त्याखाली लिहा. कारण पोलिसांच्या भीतीने घरचे लोक दवाखान्यात जायला कचरतात.

त्या मुलीला मी सांगितले, “ताई, अनुभव नियमात धरत नाहीत. तो धरला जावा म्हणून भांडू. पण तोवर थांबू नको, सेटचा अर्ज भर.” तिने अर्ज भरला आहे. तालुक्यातील आणखी ज्या कोणाला भरायचा असेल, त्यांनी कागदपत्रे घेऊन यावे. जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर, गुणपत्रके, जे अडेल ते पाहू. फी लागणार नाही.

जयभीम!